अनुभव धागा : ओसाड फलाटाची जन्मतारीख कशी काढायची?

महाराष्ट्रात बंद पडलेल्या छोट्या स्टेशनांना तोटा नाही. बार्शी लाइट रेल्वेचा जुना नॅरोगेज मार्ग, मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला, पुलगाव–आर्वी, पाचोरा–जामनेर, रुंदीकरणाआधीची दौंड–बारामती, सातपुड्यातली अकोला–खंडवा मीटरगेज. काही ठिकाणी नवी लाइन जुन्याच जागेवरून गेली, काही ठिकाणी बाजूने गेली, काही ठिकाणी बाभळी उरल्या.

प्रश्न साधा आहे. रूळ उखडलेले, बोर्ड गेलेला, खोलीचे छप्पर खाली आलेले, अशा जागी उभे राहिल्यावर हे स्टेशन कधीचे, केवढे होते आणि कसकसे बंद होत गेले हे कशावरून सांगता येते? ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी पद्धत लिहावी: काय मोजायचे, कुठले कागद मागायचे, कुठे फसगत होते. आजोळी जाताना खिडकीतून काय दिसायचे ते इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढू.


वेळापत्रकवाला

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यातून काढा. स्टेशनला एक तारीख नसते, निदान सहा-सात असतात: जमीन घेतली ती, मालगाडी सुरू झाली ती, प्रवासी गाडी सुरू झाली ती, ब्लॉक स्टेशनचा (पुढच्या टप्प्यात गाडी सोडायची की नाही हे जिथे ठरते त्या स्टेशनचा) दर्जा मिळाला ती, तो गेला ती, शेवटची गाडी थांबली ती आणि रूळ काढले ती. हाती लागलेला प्रत्येक पुरावा यांपैकी एकाच तारखेचा असतो. गावातल्या पुस्तिकांत घोळ होतो तो चुकीच्या आकड्यामुळे कमी, बरोबर आकडा चुकीच्या घटनेला चिकटवल्यामुळे जास्त.

दुसरे, सेक्शनची (मार्गाच्या टप्प्याची) तारीख आणि स्टेशनची तारीख वेगळी. बार्शी लाइट १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. हे टप्पे पक्के आहेत. पण मधले एखादे छोटे स्टेशन त्याच दिवशी उघडले असे यातून सिद्ध होत नाही. गावकऱ्यांच्या अर्जावरून मागाहून दिलेले थांबे पुष्कळ आहेत. स्टेशन पहिल्यांदा कुठल्या वेळापत्रकात दिसते आणि कुठल्यात नाही, असे दोन अंक सापडले की तारीख त्या दोघांच्या मध्ये अडकते. तेवढ्यावर समाधान माना.

प्रवाशांचे वेळापत्रक आणि वर्किंग टाइम टेबल यांत मिळाले तर दुसरे घ्या. पहिल्यात प्रवाशाला लागेल तेवढेच असते. दुसऱ्यात स्टेशनचा वर्ग, दोन स्टेशनांतले अंतर, लूप (गाडी बाजूला घ्यायचे जादा रूळ) किती आणि किती लांबीचे, लाइन क्लिअर (पुढे गाडी सोडायची परवानगी) कशावर चालते, चढ किती, हे सगळे असते. ते खात्याच्या लोकांसाठी छापलेले असल्याने रद्दीत आणि निवृत्त माणसांच्या ट्रंकेत सापडते.

आणि नावे जपून वाचा. जुन्या कागदांतले ‘बार्शी रोड’ म्हणजे आजची कुर्डुवाडी. बार्शी गावात शोधत बसाल तर काहीच मिळणार नाही. ‘रोड’ जोडलेले स्टेशन म्हणजे गाव लांब आहे, इथे उतरून बैलगाडीने जा, एवढाच अर्थ. फाटा थेट गावात गेला की ‘रोड’चे कारण संपते आणि नाव बदलते.


कंपनी-कागद

वरच्या प्रतिसादाला जोडून. लोखंडावर किंवा हद्दीच्या दगडावर आद्याक्षरे दिसली तर मालक कोण होता हे कळते, आणि मालकीच्या तारखा पक्क्या आहेत. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) १९२५ मध्ये सरकारने चालवायला घेतली, तरी नाव तेच राहिले. मध्य रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला. बार्शी लाइट सरकारने विकत घेतली १ जानेवारी १९५४ ला. मराठवाड्यातला निजामाचा मीटरगेज मार्ग १९५१ नंतर मध्य रेल्वेत होता, मग २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि तो तिकडे गेला. एकाच स्टेशनच्या एका कपाटावर, एका कंदिलावर आणि एका वहीवर तीन वेगळ्या रेल्वेंची नावे असू शकतात, आणि तिन्ही खरी असतात.

फक्त उलटे अनुमान करू नका. ‘बी.एल.आर.’ (बार्शी लाइट रेल्वे) लिहिलेला दगड १९५४ नंतर कोणी उपटून टाकला नाही. आद्याक्षरे ‘याच्या आधी बनवले’ एवढेच सांगतात.


रूळमोजणी

रूळ हा सर्वात बोलका आणि सर्वात खोटारडा साक्षीदार.

रुळाच्या पोटावर, म्हणजे उभ्या भागावर, उठावाची अक्षरे असतात: कारखाना, वजनाप्रमाणे रुळाचा प्रकार, वर्ष आणि बऱ्याचदा महिना. महिना आकड्याऐवजी उभ्या रेघांनीही दाखवलेला असतो, त्या मोजा. गंजामुळे अक्षरे दिसत नसतील तर तारेचा ब्रश मारू नका, उठाव झिजतो. सुती फडक्याने धूळ काढा, खडूची पूड चोळा आणि फडके एकदाच हलके फिरवा. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो घ्या. दुपारी बारा वाजता काही उमटत नाही. ढगाळ दिवशी बॅटरी रुळाला जवळजवळ चिकटवून आडवी धरा.

अक्षरे गेलीच असतील तर उंची मोजा. तळपट्टीपासून माथ्यापर्यंत १७२ मिमी म्हणजे ६० किलोचा रूळ, १५६ म्हणजे ५२ किलोचा, १४३ च्या आसपास म्हणजे ९० आर, १२८.६ म्हणजे ७५ आर, ११४.३ म्हणजे ६० आर. इथे ‘आर’च्या आधीचा आकडा दर यार्डाला पौंड असा आहे, किलो नव्हे. ९० आर म्हणजे मीटरला साधारण ४४.६ किलो. झिजलेला माथा ५-१० मिमी कमी भरतो, म्हणून तळपट्टीची रुंदीही घ्या, ती झिजत नाही: ९० आरची १३६.५ मिमी, ७५ आरची १२२.२, ६० आरची १०९.५. बार्शी लाइटचे सुरुवातीचे रूळ तर अवघे ३० पौंडी होते, मीटरला पंधरा किलोसुद्धा नाही. आखणारे कॅलथ्रॉप यांनी प्रत्येक आसावर पाचच टन भार ठेवला, म्हणून एवढ्या किरकोळ रुळावर गाडी चालली.

आता खोटारडेपणा. मुख्य मार्गावरचा रूळ काढला की तो फाट्यावर जातो, फाट्यावरून लूपमध्ये, लूपमधून सायडिंगला (डबे उभे करायच्या बाजूच्या रुळाला), आणि शेवटी कुंपणाचा खांब, छपराची तुळई किंवा गाडी अडवायचा डेड एंड होतो. त्यामुळे रुळावरचे साल स्टेशनचे नसते. ‘हा रूळ इथे त्या सालाच्या आधी आला नाही’ एवढेच ते सांगते. आणि डेड एंडचा रूळ तर मुळीच धरू नका, तो बहुधा यार्डातला सर्वात म्हातारा असतो.


सांधेवाला

सिग्नललाही हेच लागू. शकुंतलेच्या मार्गावरच्या सिग्नलवर लिव्हरपूल आणि १८९५ असे वाचायला मिळते, हे वर्तमानपत्रांत कितीदा तरी छापून आले आहे. लाइन मात्र विसाव्या शतकातली. लोखंडाचे वय लाइनच्या वयापेक्षा जास्त. म्हणून ‘१८९५ चे स्टेशन’ असे कोणी लिहिले की समजावे, खांब वाचला, कागद वाचला नाही.

सिग्नल उखडले असले तरी पाये राहतात. दोन्ही बाजूंनी स्टेशनपासून रुळाच्या कडेने चालत जा. पहिला जाड पाया होमचा (स्टेशनात शिरायच्या सिग्नलचा), त्यापुढे बराच लांब दुसरा पाया आउटरचा (सर्वात बाहेरच्या सिग्नलचा). दोन्ही असतील तर ते ब्लॉक स्टेशन होते. एकही नसेल तर बहुधा फ्लॅग स्टेशन किंवा नुसता हॉल्ट, म्हणजे सिग्नल नसलेला साधा थांबा. वाटेत गुडघ्याएवढे लोखंडी खुंट दिसतील, त्यांना लहान कप्प्या असायच्या आणि त्यांवरून सिग्नलची तार जायची. एका खुंटावर किती कप्प्यांची जागा आहे ते मोजा, तेवढ्या तारा, म्हणजे त्या दिशेला साधारण तेवढे सिग्नलचे हात. सांध्यांना (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांना) बहुधा तार नव्हे, दांडा लागायचा, त्याचे रोलरचे आधार वेगळे आणि जमिनीलगत असतात. त्यांची रांग संपते तिथे सांधा होता. दोन टोकांच्या सांध्यांमधले अंतर म्हणजे लूपची ढोबळ लांबी. गाडी प्रत्यक्षात उभी राहू शकेल ती लांबी त्याहून कमी असते, दोन्हीकडे सांध्यापासून मागे थांबावे लागते म्हणून.

खांब उभा असेल आणि हातावर दोन आडव्या पट्ट्यांची फुली मारलेली असेल, तर तो सिग्नल सेवेतून काढलेला आहे. फुलीच्या प्रत्येक पट्टीची लांबी निदान १ मीटर आणि रुंदी १० सेंटीमीटर असावी असा नियमच आहे. अशा खांबाच्या फोटोला तारीख असेल तर दर्जा कधी घसरला याचा तो उत्तम पुरावा.


गोळाघर

टोकनचा, म्हणजे पुढच्या सेक्शनमध्ये जायचा परवाना म्हणून ड्रायव्हरला द्यायच्या वस्तूचा, मुद्दा राहू नये. एकेरी मार्गावर बऱ्याच ठिकाणी नीलचे बॉल टोकन यंत्र असायचे, लोक त्याला गोळा म्हणतात. काम असे चालायचे: इकडचा मास्तर घंटीच्या ठोक्यांनी विचारणार, तिकडचा कबूल असेल तर आपल्या यंत्राची मूठ ‘गाडी येत आहे’वर नेणार, मग इकडची मूठ ‘गाडी जात आहे’वर फिरते आणि एक गोळा बाहेर पडतो. गोळा ड्रायव्हरच्या हाती. पुढच्या स्टेशनवर तो यंत्रात टाकल्याशिवाय मूठ ‘लाइन बंद’वर येत नाही आणि तोवर दुसरा गोळा कुठल्याच टोकाला निघत नाही. शेजारच्या सेक्शनचा गोळा चुकून घालता येऊ नये म्हणून गोळ्यांच्या खाचा वेगळ्या मापाच्या.

इतिहासासाठी कामाचे काय? गोळ्यावर दोन्ही टोकांच्या स्टेशनांची नावे किंवा कोड कोरलेले असतात. क-ख-ग अशी तीन स्टेशने आहेत आणि मधले ख बंद करायचे आहे असे समजा. ख ब्लॉक स्टेशन असेपर्यंत गोळे क-ख आणि ख-ग. ख चा ब्लॉक काढला की एकच लांब सेक्शन होतो आणि गोळ्यावर क-ग येते. म्हणजे रेल्वे संग्रहालयात क-ग असा गोळा दिसला तर ख त्या आधीच नुसता थांबा झालेला होता. कोडच्या जागी खोडून पुन्हा कोरल्याची खूण दिसली तर आणखी उत्तम.

यंत्राचा एक नेहमीचा त्रास होता: एका दिशेने गाड्या जास्त झाल्या की सगळे गोळे एका टोकाला साठतात आणि दुसरे टोक रिकामे. मग सिग्नलचा मेंटेनर यंत्र उघडून गोळे पलीकडे नेऊन टाकायचा आणि वहीत नोंद करायचा. ती वही मिळाली तर कुठल्या हंगामात माल कुठल्या दिशेला जात होता हे आपोआप कळते. मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. अशा वह्या ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, त्यामुळे ट्रेन रजिस्टरच्या (गाड्यांच्या नोंदवहीच्या) मागे लागून वर्ष घालवू नका.


प्रश्न

आमच्या भागातल्या स्टेशनात रूळही नाहीत, सिग्नलही नाहीत. फक्त भराव आहे आणि एक मोरी. गेज (दोन रुळांमधले अंतर) तरी कळेल का?


रूळमोजणी

कळेल, तीन प्रकारे.

भरावाच्या माथ्याची रुंदी: पाठ्यपुस्तकी मापे ब्रॉडगेजला ६.१० मीटर, मीटरगेजला ४.८८, नॅरोगेजला ३.७०. पावसाने कडा ढासळतात, म्हणून मोजमाप नेहमी कमी येते. कटिंगमध्येही (डोंगर कापून केलेल्या वाटेत) गाळ भरून तळ अरुंद दिसतो. पाच जागी मोजा आणि त्यातले सर्वात मोठे माप धरा, सरासरी नको.

लाकडी स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके): गावात कुठे तरी दाराची चौकट, गोठ्याची तुळई किंवा ओढ्यावरचा साकव झालेला असतो. अखंड असेल तर लांबी ब्रॉडगेजला २.७५ मीटर, मीटरगेजला १.८०, नॅरोगेजला १.५०. कापलेला असेल तर जाडी-रुंदी पाहा: २५ × १३ सेंटीमीटर ब्रॉडगेज, २० × ११.५ मीटरगेज, १८ × ११.५ नॅरोगेज. सीएसटी-९ नावाच्या बिडाच्या स्लीपरच्या ताटल्या मिळाल्या तर त्यांवर ओतकामाचे साल असते.

वळण: ही सगळ्यात खात्रीची पद्धत, कारण वळण कोणी चोरून नेत नाही. भरावाच्या एकाच कडेवर २० मीटरची दोरी ताणून दोन्ही टोके कडेवर ठेवा. मधोमध दोरीपासून कडेपर्यंतचे अंतर मीटरमध्ये मोजा. ५० ला त्या अंतराने भागले की त्रिज्या. अर्धा मीटर आले तर १०० मीटर. ब्रॉडगेजला जास्तीत जास्त १० अंशांचे वळण चालते, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. मीटरगेजला १६ अंश, १०९ मीटर. नॅरोगेजला ४० अंश, ४४ मीटर. म्हणजे तुमच्या भरावाची त्रिज्या १०० मीटर आली तर तो नॅरोगेजच. उलट मात्र चालत नाही: सपाट मुलखात नॅरोगेजसुद्धा सरळसोट असते. सातपुड्यात धुळघाटला मीटरगेज स्वतःभोवतीच वळसा घेऊन चढ काढत होती, तिथे अशी मोजणी शिकायला छान. पण तो व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे, परवानगीशिवाय पाय ठेवू नका.

आणि हो, रूळ काढले तरी जमीन बहुधा रेल्वेचीच असते. आत शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि पडलेली फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) ‘आठवण’ म्हणून पिशवीत टाकणे हा १९६६ च्या वेगळ्या कायद्याने त्याहून मोठा. फोटो काढा, माप घ्या, वस्तू जागेवर ठेवा.


पाणी-कोळसा

वाफेच्या काळात स्टेशनचे महत्त्व पाण्यावर ठरायचे. गाव चिमुकले, पण गाडी दहा-पंधरा मिनिटे थांबायची, असे ऐकू आले की पाण्याची टाकी शोधा. टाकी पडली असेल तर तिचे दगडी किंवा लोखंडी पाय, जवळची मोठी बांधीव विहीर आणि दोघांच्या मध्ये पंपाची खोली. रुळांच्या मध्ये विटांनी बांधलेला लांबट खड्डा असेल तर इंजिनाची राख तिथे काढली जायची, म्हणजे इथे इंजिन नुसते पाणी पीत नव्हते, मुक्कामी किंवा परतीला होते. तो खड्डा शेवटच्या स्टेशनांत हमखास असतो, मधल्या स्टेशनात दिसला तर कधी काळी लाइन इथेच संपत होती का ते तपासा. टप्प्याटप्प्याने वाढलेल्या मार्गांवर असे पूर्वीचे अंतिम स्थानक असतेच.

टाकी चौकोनी लोखंडी ताटांची असेल तर क्षमता घरबसल्या निघते. एक ताट बहुधा ४ फूट चौरस. एका बोल्टच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत १.२२ मीटर येते का ते आधी बघा. मग ताटे मोजा: लांबीला ३, रुंदीला २, उंचीला २ असतील तर १२ × ८ × ८ म्हणजे ७६८ घनफूट, काठोकाठ सुमारे २१,७०० लिटर, जुन्या भाषेत ४,८०० गॅलनच्या आसपास. वरची वीतभर जागा रिकामीच राहते, ती वजा करा.

डिझेल आले की या सगळ्याचे काम एका दिवसात संपले. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये गेले. पाण्यासाठीचा थांबा गेला की त्या आधाराने चालणारी चहाची टपरी, पंपवाला, कोळशाचे मजूर गेले, आणि तिकीट-उत्पन्नाच्या हिशेबात स्टेशन उघडे पडले. बंद होण्याची खरी सुरुवात बऱ्याच जागी इथे आहे, शेवटच्या गाडीच्या दिवशी नव्हे.


पुठ्ठा-तिकीट

जुनी पुठ्ठ्याची तिकिटे ५७ × ३० मिमीची. त्यावर वर्ग, कुठून कुठे, भाडे, अनुक्रमांक आणि टोकाला यंत्राने दाबलेली तारीख. तारीख पुसट असेल तर कागदाखाली दाब लागतो, मागून तिरपा उजेड टाका.

तारीख मुळीच नसेल तरी चालते. भाडे आणे-पैत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची छपाई. ‘तिसरा वर्ग’ असेल तर १९७४ च्या आधीची, त्या वर्षी तो वर्ग रद्द झाला. छपाई म्हटले, विक्री नव्हे: छोट्या स्टेशनात दूरच्या गावाचे गठ्ठे वर्षानुवर्षे संपत नसत, आणि नवे भाडे हाताने लिहून किंवा शिक्का मारून जुनेच पुठ्ठे खपवले जायचे.

एकाच मार्गाची, एकाच वर्गाची दोन तिकिटे मिळाली तर विक्रीचा अंदाज येतो. एकाचा क्रमांक २३१०, दुसऱ्याचा २८९०, आणि तारखांत ५८ दिवसांचे अंतर: रोज सरासरी १० तिकिटे. मालिका शेवटच्या आकड्यापर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येते, त्यामुळे अंतर दोन-तीन महिन्यांहून जास्त असेल तर हा हिशेब करू नका. कोपरा तिरपा कापलेले तिकीट म्हणजे मुलाचे अर्धे, फाटके समजून टाकून देऊ नका.


गाव-नकाशा

सगळे लोखंडाच्या मागे आहेत, तलाठी कार्यालयाकडे कोणी जात नाही! स्टेशनच्या आकाराचा सर्वात पक्का पुरावा महसुली कागदात आहे.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या. रेल्वेची पट्टी गावातून सरळ जाते आणि स्टेशनजवळ फुगते. त्या फुगवट्याची लांबी म्हणजे यार्ड. एका बाजूला जास्त फुगलेला असेल तर तिकडे मालधक्का, क्वार्टर किंवा सायडिंग. ३० मीटर रुंद आणि ४०० मीटर लांब पट्टी १२,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण २ एकर ३८ गुंठे. सातबाऱ्यावरचे रेल्वेचे क्षेत्र याच्याशी ताडून पाहा. फार तफावत असेल तर जमीन दोनदा घेतलेली असते, आणि दुसऱ्या वेळची म्हणजे यार्ड वाढवल्याची तारीख.

ती तारीख सापडते भूसंपादनाच्या निवाड्यात आणि कमी-जास्त पत्रकात (कजाप). निवाड्यात घेतलेल्या प्रत्येक तुकड्याचे क्षेत्र, मोबदला, विहीर आणि झाडेसुद्धा मोजलेली असतात.

लोक अडकतात ते क्रमांकात. कागद जुना असेल तर त्यात सर्व्हे नंबर, आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. पश्चिम महाराष्ट्रात एकत्रीकरण योजनेने ते बदलले. दोन्हीचा सांधा जुळवायला एकत्रीकरणाचा ९(३)-९(४) चा उतारा मागा, नुसते ‘जुना सातबारा द्या’ म्हटले की चुकीचा कागद हातात पडतो. मराठवाड्यात सेतवार आणि खासरा पत्रक मागा. ते उर्दूत किंवा मोडीत असू शकते, वाचणारा आधी ठरवून ठेवा.


वेळापत्रकवाला

छापील गोष्टींत आणखी एक. राज्याच्या जिल्हा गॅझेटियरच्या शेवटी गावांची लांबलचक यादी असते, तीत प्रत्येक गावापुढे जवळचे रेल्वे स्टेशन आणि अंतर, आठवडी बाजार आणि त्याचा वार, मोटार स्टँड, असे रकाने आहेत. तुमच्या स्टेशनचे नाव किती गावांपुढे येते ते मोजा. त्या गावांचा नकाशावर घेर काढला की स्टेशनचे खरे गिऱ्हाईक दिसते. मोटार स्टँडचे अंतर रेल्वेपेक्षा कमी असलेली गावे वेगळ्या रंगात रंगवा. ती आधीच एसटीकडे गेलेली, रेल्वे बंद व्हायच्या कितीतरी आधी.

सावधान: ही यादी छपाईच्या काही वर्षे आधीच्या माहितीवर असते. बंद झालेले स्टेशन त्यात जिवंत दिसते.


कंपनी-कागद

सगळी स्टेशने उत्पन्न कमी म्हणून बंद झाली असे धरून चालू नका. उजनीच्या पाण्यामुळे मुंबई–सोलापूर मार्गच भिगवण पट्ट्यात सरकवावा लागला. तिथला डिकसळचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल मग रस्त्यासाठी वापरात आला. अशा जागी धरणाचे पुनर्वसनाचे कागद रेल्वेच्या कागदांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.


सांधेवाला

घसरण्याचा क्रमही लिहून ठेवतो, बहुतेक जागी हाच दिसतो. आधी लूप काढतात किंवा सांधे क्लॅम्प लावून कुलूपबंद करतात, म्हणजे क्रॉसिंग (समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना ओलांडणे) थांबते. मग ब्लॉक यंत्र जाते, सिग्नलवर फुल्या येतात. मग मास्तर जातो आणि तिकिटे कमिशनवर विकणारा हॉल्टचा एजंट येतो. मग तोही जातो आणि गार्ड तिकिटे देतो. नॅरोगेजवर पुढची पायरी म्हणजे फाटकवालाही नाही: गाडी फाटकाच्या अलीकडे थांबवायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावणार, गाडी पुढे काढणार, पुन्हा उघडणार. वेळापत्रकात त्याच अंतराला लागणारी मिनिटे वाढत गेलेली दिसली तर कारण इंजिन नव्हे, ही फाटके.


पुठ्ठा-तिकीट

तोंडी माहिती घेताना ‘गाडी कधी बंद झाली?’ असे विचारू नका. प्रत्येक जण वेगळे साल सांगतो आणि सगळे ठाम असतात. ‘७२ च्या दुष्काळात धान्याच्या वाघिणी (मालडबे) इथे उतरायच्या का?’, ‘बाजारच्या दिवशी परतीची गाडी कितीला?’, ‘मास्तरच्या क्वार्टरला दिवा दिसायचा तो कधीपर्यंत?’ असे विचारा. मग उत्तर वेळापत्रकाशी ताडा. दोन माणसांचे वेळेवर एकमत झाले तर धरा, सालावर एकमत झाले तरी तपासा.


प्रश्न

पाचोरा–जामनेरसारख्या मार्गावरच्या स्टेशनला ‘बंद झाल्याची तारीख’ म्हणून काय लिहायचे? मार्च २०२० मध्ये तर देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या होत्या.


वेळापत्रकवाला

दोन रकाने करा. पहिल्यात ‘शेवटची प्रवासी गाडी’, दुसऱ्यात ‘बंद केल्याचा आदेश’. टाळेबंदीत थांबलेल्या गाड्या ‘पुढील आदेशापर्यंत रद्द’ होत्या, आणि तो पुढचा आदेश कुठल्या दिशेने आला हे प्रत्येक मार्गाचे वेगळे आहे. गेजबदलासाठी थांबवलेल्या मार्गांना तर बहुधा आगाऊ अधिसूचना असते, तिथे दुसरा रकाना पहिल्याच्या आधीचा भरतो. आदेश हाती नसेल तर दुसरा रकाना कोरा ठेवा, आणि पहिल्यात गाडीचा क्रमांक व दिशा लिहा. शेवटची गाडी जाताना एक असते आणि येताना दुसरी, फोटो सहसा पहिलीचा असतो.